रानटी क्रीडास्पर्धांचे संगणकीय विडंबन : ‘केव्हमन अग्लिंपिक्स’ या खेळाचे स्वरूप व आकलन

प्रस्तावना :

संगणकीय खेळ हा विषय महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा दोनच निमित्तांनी निघतो. एक तर संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पाच्या निमित्ताने, किंवा विद्यार्थ्यांच्या वेळेच्या अपव्ययाविषयी पालक-शिक्षक सभेत. नाटक, चित्रपट वा कादंबरी यांकडे ज्या गांभीर्याने पाहिले जाते, त्या गांभीर्याने एखादा खेळ ‘वाचण्याची’ प्रथा आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. वस्तुतः योहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात क्रीडा हे संस्कृतीचे केवळ एक अंग नसून संस्कृती क्रीडेतूनच आकार घेते, असे प्रतिपादन केले होते. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये त्यास वर्गीकरणाची जोड दिली. परंतु सिद्धांत परिचित असला तरी तो प्रत्यक्ष एखाद्या खेळाला लावून पाहिल्याखेरीज त्याची धार कळत नाही.

प्रस्तुत लेखात त्यासाठी एक लहानसा, गमतीदार आणि आज जवळजवळ विस्मृतीत गेलेला खेळ निवडला आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, युजीन या गावी असलेल्या ‘डायनॅमिक्स’ या संस्थेने तो रचला व ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ या प्रकाशनसंस्थेने १९८८ साली प्रसिद्ध केला. ‘केव्हमन अग्लिंपिक्स’ हे त्याचे नाव. ‘ऑलिंपिक्स’ या शब्दाच्या आरंभी गुहामानवाच्या तोंडचा ‘अग्’ हा गुरगुरणारा उद्गार बसवून हे नाव तयार झाले आहे. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, ‘डेटा ईस्ट’ या जपानी कंपनीने तोच खेळ निन्टेन्डोच्या गृहयंत्रासाठी आणला, तेव्हा त्याचे नाव नुसते ‘केव्हमन गेम्स’ असे होते. शीर्षकातील श्लेष गेला आणि त्याबरोबर खेळाचा निम्मा अर्थही गेला, असे म्हणावे लागते.

पूर्वपीठिका :

विडंबन समजण्यासाठी मूळ ठाऊक असावे लागते, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’तील विनोद समकालीन कवींची, विशेषतः रविकिरण मंडळाची, शैली ज्याच्या कानात आहे त्यालाच पुरता भिडतो, कारण विडंबनकार वृत्त आणि डौल तोच ठेवतो व आशय तेवढा बदलतो. ‘अग्लिंपिक्स’चे नेमके हेच आहे. त्याने ज्याचे वृत्त उचलले तो प्रकार १९८३-८४ च्या सुमारास स्थिर झाला होता.

१९८३ मध्ये ‘कोनामी’ या जपानी संस्थेचा ‘ट्रॅक अँड फील्ड’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ आला. त्यात धावण्याच्या कळा जितक्या वेगाने दाबाव्यात तितका पडद्यावरील धावपटू वेगाने धावे. बोटे दमतात म्हणून मुले पट्टी किंवा पेन्सिल वापरून कळा बडवीत असत. त्याच वर्षी डेव्हिड क्रेन यांनी ‘ॲक्टिव्हिजन’साठी रचलेला ‘डिकॅथलॉन’ हा खेळ घरातल्या जॉयस्टिक मोडण्याबद्दल प्रसिद्ध पावला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वर्षी ‘एपिक्स’ या कंपनीने ‘समर गेम्स’ आणला. त्यात खेळाडू आपला देश निवडी, त्या देशाचे राष्ट्रगीत वाजे, पदके मोजली जात. पुढे ‘विंटर गेम्स’ (१९८५), ‘वर्ल्ड गेम्स’ (१९८६) व ‘कॅलिफोर्निया गेम्स’ (१९८७) अशी मालिकाच निघाली.

या मालिकेच्या क्रमाकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानी येते. ‘वर्ल्ड गेम्स’मध्येच ऑलिंपिकची चौकट सैल झाली होती, त्यात स्कॉटलंडमधील ओंडकाफेक, अकापुल्को येथील कड्यावरून समुद्रात उडी, जपानी सुमो असे प्रकार होते. १९८७ मध्ये इंग्लंडच्या ‘ग्रेमलिन ग्राफिक्स’ने ‘ऑल्टरनेटिव्ह वर्ल्ड गेम्स’ काढून पोत्यात पाय घालून धावणे, बूट फेकणे, उशांची मारामारी यांना स्पर्धेचा दर्जा दिला. म्हणजे गांभीर्य उतरणीला लागलेच होते. गुहामानवाने येऊन ते पार तळाला नेले. हा खेळ सेऊल ऑलिंपिकच्याच वर्षी निघाला, हा योगायोगही लक्षणीय आहे.

सहा स्पर्धा :

खेळात सहा पात्रे आहेत. थाग, ग्लंक, ग्रॉन्क, क्रुडला, अगा अशी पाच नावे आणि सहाव्याचे नाव मात्र व्हिन्सेंट! या एका नावातच रचनाकारांची विनोदबुद्धी दिसून येते. स्पर्धाही सहाच.

‘सेबर रेस’मध्ये दोन गुहामानव धावतात आणि मागून सुळेदार वाघ लागलेला असतो. येथे पहिला येण्याचा अर्थ इतकाच की दुसरा मागे राहावा. शेजारच्याला पाडण्याची मुभा आहे. ‘मेट टॉस’ म्हणजे जोडीदारफेक. हातोडाफेकीप्रमाणे गरगर फिरून हातातील जोडीदारास दूर भिरकावणे. ‘फायर मेकिंग’मध्ये दोघे समोरासमोर बसून काटक्या घासतात, फुंकर घालतात, आणि अधूनमधून एकमेकांच्या डोक्यात सोटा हाणतात. ‘क्लबिंग’ हे सोट्यांचे सरळ द्वंद्व होय. ‘डायनो रेस’मध्ये डायनासोरवर स्वार होऊन अडथळे ओलांडावयाचे असतात. शेवटच्या ‘डायनो व्हॉल्ट’मध्ये बांबूउडी आडव्या दांडीवरून नव्हे, तर टिरॅनोसॉरसवरून मारावयाची असते, उडी चुकली की स्पर्धक त्याच्या तोंडी जातो.

यांपैकी अग्निनिर्मितीची स्पर्धा सर्वांत रंजक आहे आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहणे उपयुक्त ठरेल. लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडण्याच्या प्रत्यक्ष पद्धतीत केवळ घासून ज्वाला निघत नाही. घर्षणाने लाकडाचा काळसर भुगा पडतो, तो तापून त्यात ठिणगी धरते, मग तो वाळक्या गवतात घेऊन जपून फुंकर घालावी लागते. घासणे आणि फुंकणे ही दोन वेगळी कामे असून त्यांचा क्रम चुकला की विस्तव विझतो. खेळाडूला जॉयस्टिकवर हीच दोन कामे करावी लागतात. त्यात शेजाऱ्याचा सोटा हे तिसरे अवधान येते. घासत राहावे तर डोके उघडे पडते. सोटा उगारावा तर आपला विस्तव थंड होतो. अवघ्या मिनिटाभराच्या खेळात निर्माण आणि विध्वंस यांतील निवड दर क्षणी करावी लागते. संपूर्ण खेळात पुरातत्त्वीय सत्याच्या सर्वांत जवळ जाणारी स्पर्धा हीच आणि विनोदाच्या दृष्टीनेही सरस हीच, हे विशेष.

जोडीदारफेकीबद्दल तसे म्हणता येत नाही. सोटा घेतलेला गुहामानव स्त्रीला केसांनी ओढून नेतो, हे व्यंगचित्रांतील जुने, शिळे चित्र. खेळातील स्पर्धकांत स्त्रियाही आहेत, ही गोष्ट त्या चित्राला थोडा छेद देते खरी. परंतु हसू मूळ चित्राच्याच बळावर येते, हे नाकारता येत नाही.

पाच संकेतांचे व्याकरण :

या खेळाचा मुख्य आधार ‘कमोडोर ६४’ हा १९८२ साली बाजारात आलेला गृहसंगणक होय. ‘डॉस’ प्रणालीच्या संगणकांसाठीही खेळ निघाला. ‘कमोडोर’ची स्मृती नावाप्रमाणे ६४ किलोबाइट, प्रोसेसरचा वेग सुमारे १ मेगाहर्ट्‌झ, रंग १६. पडद्यावर स्वतंत्रपणे हलणाऱ्या आकृती, ज्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात, त्या एका वेळी आठ आणि प्रत्येक २४ बाय २१ ठिपक्यांची. एवढ्या ठिपक्यांत धावपटूच्या पोटरीचा ताण दाखविणे अशक्य असते. मात्र फुगीर नाक, आखूड पाय आणि अंगाहून मोठा सोटा दाखविणे सहज शक्य असते. तंत्राची मर्यादा अतिशयोक्तीला अनुकूल होती. विनोदी खेळ वास्तवदर्शी खेळांपेक्षा कमी जुने वाटतात, त्याचे एक कारण हे असावे.

त्याहून महत्त्वाची मर्यादा जॉयस्टिकची. त्या काळच्या जॉयस्टिकमध्ये चार दिशांचे चार खटके आणि एक कळ असे. संगणकाला तिच्याकडून पाचच गोष्टी कळत, त्याही ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्याच स्वरूपात. दांडा किती जोरात ओढला, किती अंशात वळवला, याचा बोध यंत्राला होत नसे. मग धावणे, फेकणे, घासणे, फुंकणे, मारणे, चुकविणे या साऱ्या क्रिया या पाच संकेतांतून साधायच्या कशा? त्यासाठी रचनाकारांजवळ तीन साधने होती : आवर्तन, म्हणजे डावी-उजवी दिशा लयीत बदलत राहणे, क्षण, म्हणजे नेमक्या वेळी कळ दाबणे, आणि क्रम, म्हणजे विशिष्ट दिशांची मालिका. काव्यात लघु-गुरू या दोनच मात्रांवर सारी वृत्ते उभी राहतात, तशातलाच हा प्रकार.

बांबूउडीत धाव म्हणजे आवर्तन आणि बांबू टेकविणे म्हणजे क्षण. जोडीदारफेकीत फिरण्याची लय आणि सोडण्याचा क्षण. इथपर्यंत ‘अग्लिंपिक्स’ आपल्या पूर्वसूरींचेच व्याकरण पाळतो. फरक पडतो तो दोघांनी एकाच वेळी खेळावयाच्या स्पर्धांत. ‘समर गेम्स’मधील दोन धावपटू शेजारी धावत असले तरी एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत, प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. येथे मात्र शेजारचा स्पर्धक हाच अडथळा आहे. स्वतःची लय राखणे आणि दुसऱ्याची मोडणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करावी लागतात.

फसवणुकीला नियमांत स्थान :

काय्वा यांनी खेळांचे चार गट मानले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. ‘अग्लिंपिक्स’मध्ये पहिला व तिसरा हे गट उघडच दिसतात. परंतु विवेचनास अधिक उपयोगी पडतो तो हॉयझिंगा यांनी केलेला एक भेद. लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा हे दोन वेगळे, असे ते म्हणतात. लबाडी करणारा नियम पाळल्याचा देखावा करतो, म्हणजे नियमांचा अधिकार तो मान्य करतो. खेळ मोडणारा तो अधिकारच नाकारतो, म्हणून समूह त्याला कमी क्षमा करतो.

या खेळात शेजाऱ्याला पाडणे, विस्तव पेटविताना त्याच्या डोक्यात सोटा घालणे या गोष्टी नियमांतच लिहिलेल्या आहेत. म्हणजे लबाडी ही लबाडी राहिलेली नाही. ते एक कौशल्य झाले आहे. याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेऊल येथे बेन जॉन्सन या कॅनडाच्या धावपटूने १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत पार केले आणि तीनच दिवसांत उत्तेजक द्रव्याच्या सेवनामुळे त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. खेळाचा त्या घटनेशी काही संबंध नाही. तरीही, सभ्य क्रीडा आणि रानटी क्रीडा यांतील भेद हा लबाडी असण्या-नसण्याचा नसून ती उघडपणे करण्याचा आहे, असा एक अर्थ या दोहोंना शेजारी ठेवल्यावर आपोआप निघतो. रचनाकारांना तो अभिप्रेत होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना हसवावयाचे होते. आणि हसविता हसविता विनोद बरेच काही बोलून जातो.

हसू कोणाला :

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. हा विनोद ऑलिंपिकच्या भारदस्तपणाला हसतो, की ज्यांना रानटी म्हटले गेले त्यांना?

‘बार्बेरियन’ हा शब्द ग्रीक. ज्याची भाषा ‘बर-बर’ अशी ऐकू येते तो परका, असा त्याचा ध्वन्यनुकारी उगम. संस्कृतातील ‘बर्बर’ हा शब्दही याच संदर्भात सांगितला जातो. प्राचीन ऑलिंपिया येथील स्पर्धांत केवळ ग्रीकांना प्रवेश असे. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर स्पर्धेस आला, तेव्हा ही स्पर्धा बर्बरांसाठी नाही म्हणून इतरांनी हरकत घेतली आणि त्याला आपले ग्रीक कुळ सिद्ध करावे लागले, अशी हकीकत हेरोडोटस या इतिहासकाराने दिली आहे. या पार्श्वभूमीवर ‘रानट्यांचे ऑलिंपिक’ हा शब्दप्रयोगच मूळ संस्थेला उलटा टांगतो. रशियन समीक्षक मिखाइल बाख्तीन यांनी वर्णिलेले जत्रेतील हास्य ते हेच : राजाला विदूषक करणारे आणि हसणाऱ्यालाही न वगळणारे.

परंतु दुसरी बाजू विसरता येत नाही. रानट्यांच्या क्रीडास्पर्धा एकदा खरोखरच भरविण्यात आल्या होत्या. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जागतिक प्रदर्शन आणि ऑलिंपिक एकाच वेळी झाले. प्रदर्शनात ‘मांडण्यासाठी’ आणलेल्या फिलिपिन्समधील लोकांना, आफ्रिकेतील पिग्मींना, जपानमधील ऐनूंना, अमेरिकेतील मूलनिवासींना १२ व १३ ऑगस्ट रोजी मैदानावर उतरविण्यात आले. यास ‘मानवशास्त्र दिन’ असे नाव होते. धावणे, वजनफेक यांबरोबर चिखलफेक आणि गुळगुळीत खांबावर चढणे हेही प्रकार होते. स्पर्धकांना ना सराव होता, ना नियम नीट समजावून दिले होते. अंतिम रेषेवरील फीत छातीने तोडावयाची असते हे ठाऊक नसल्याने काहीजण तेथे थबकले, तर काही खाली वाकून निघून गेले. आयोजकांनी यावरून निष्कर्ष काढला तो या लोकांच्या शारीरिक कनिष्ठतेचा! नियम न सांगता खेळावयास लावणे आणि मग पराभवावरून जात ठरविणे, हा प्रकार कोणत्याही विडंबनापेक्षा अधिक रानटी होता.

‘अग्लिंपिक्स’ला या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. त्याचे पात्र कोणत्याही जिवंत समाजातील नाही. मात्र ‘गुहामानव’ ही प्रतिमाही निष्पाप नाही. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे निअँडरथल मानवाचा सांगाडा सापडला. मार्सेलिन बूल या शास्त्रज्ञाने त्याचे जे वर्णन केले त्यातून वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढे झुकलेल्या मानेचा, अर्धवानर प्राणी लोकांसमोर आला. १९५७ मध्ये स्ट्रॉस व केव्ह या संशोधकांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा तो संधिवाताने ग्रासलेल्या माणसाचा असल्याचे दिसून आले. एका आजारी म्हाताऱ्याची चाल साऱ्या मानवजातीच्या पूर्वजांना चिकटली. शास्त्राने चूक सुधारली. व्यंगचित्राने ती आजतागायत जपली आहे.

डायनासोरचे सहअस्तित्व ही तर निखळ थाप होय. डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. ‘होमो’ प्रजातीचे सर्वांत जुने अवशेष जेमतेम २८ लाख वर्षांचे. तुलनेने सुळेदार वाघ खरा. अमेरिकेत तो सुमारे १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, म्हणजे माणसाने तो पाहिला होता. ‘फ्लिंटस्टोन्स’ (१९६०-६६) या चित्रमालिकेने ही थाप घरोघर पोहोचविलेली असल्याने खेळाडूला तिचे काही वाटत नाही. येथे एक मजेशीर तपशील नोंदवावासा वाटतो. गॅरी लार्सन यांच्या १९८२ मधील एका व्यंगचित्रात स्टेगोसॉरसच्या शेपटीवरील काट्यांना ‘थागोमायझर’ म्हटले आहे, ‘थाग’ नावाच्या गुहामानवाचा त्यांनी बळी घेतला म्हणून. आणि पुढे जीवाश्मशास्त्रज्ञांनी हा शब्द चक्क वापरात आणला. विनोदाने शास्त्राकडून घेतलेले ऋण कधी कधी असेही फिटते.

आज हा खेळ खेळताना :

‘कमोडोर’ कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘डायनॅमिक्स’ १९९० मध्ये ‘सिएरा’कडे गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. ‘डेटा ईस्ट’ही २००३ मध्ये संपुष्टात आली. यंत्र नाही आणि मूळ रचनाकार संस्थाही नाही, अशा स्थितीत खेळ उरतो तो ‘इम्युलेटर’वर, म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यावयास लावणाऱ्या प्रणालीवर. ‘कमोडोर’साठी ‘व्हाइस’ आणि ‘डॉस’साठी ‘डॉसबॉक्स’ या त्यांतील सर्वपरिचित होत.

हे सोंग पुरते वठत नाही. अमेरिकी यंत्र पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा काढी, युरोपीय यंत्र ५० वेळा. चुकीचे यंत्र निवडल्यास तोच खेळ मंद किंवा जलद होतो आणि सारी लय बिघडते. ‘डॉस’वरील अनेक खेळ तत्कालीन प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेले असल्याने तेथे वेग हाताने जुळवावा लागतो. सपाट पडद्यावर चित्र उमटण्यास होणारा किंचित विलंब वाचनात जाणवत नाही, पण बांबू टेकविण्याच्या क्षणी नेमका जाणवतो. त्यात जॉयस्टिकऐवजी कळफलक असेल तर काटक्या घासण्याची क्रिया दोन बोटांच्या टिचक्यांवर येते आणि मनगट दुखत नाही. मनगट दुखणे हा या खेळाचा आशय होता, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. ‘कमोडोर ६४’पुरते पाहिल्यास उपलब्ध खेळांचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास भरते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने २०१५ च्या आरंभी ‘डॉस’वरील सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील अशी सोय केली, तेव्हा हा ठेवा प्रथमच सामान्य वाचकाच्या हाती आला. परंतु कायद्याची बाजू सुटलेली नाही. बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सूट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. असे खेळ लोक मनोरंजनासाठीच वापरतील, ही भीती विरोधकांनी पुढे केली होती. दुर्मीळ कादंबरी वाचनालयातून घेणारा वाचक तिचा आनंद घेईल, म्हणून ती देऊ नये असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

भारतातही संगणकीय आज्ञावली प्रताधिकार कायद्यानुसार ‘साहित्यकृती’तच मोडते. साहित्यकृती म्हटल्यावर ती वाचण्याचा प्रश्न येतोच, आणि या विशिष्ट साहित्यकृतीच्या वाचनासाठी दोन जॉयस्टिक व शेजारी बसलेला दुसरा माणूस लागतो. एकट्याने खेळता प्रतिस्पर्धी संगणक असतो; त्याच्या डोक्यात सोटा घातल्यावर तो ओरडत नाही.